मिरें व मिरची : एका वनस्पतिनामाची पूर्वपीठिका

नंदुरबारच्या बाजारांत हंगामाच्या दिवसांत ओली लाल मिरची गाड्यांनीं येऊन पडते. व्यापारी ती ओलीच घेतात आणि गांवाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर पथाऱ्या घालून उन्हांत वाळवितात. लाली, जरेला, फापडा अशीं जातींचीं नांवें तेथें लहान मुलांच्याहि तोंडीं असतात. हा लाल गालिचा ज्यानें एकदां पाहिला त्यास मिरची ही तापीच्या खोऱ्यांतील अनादि वस्तु वाटावी, यांत नवल नाहीं. परंतु वस्तुस्थिति निराळी आहे. ही वनस्पति या देशांत येऊन पुरतीं सव्वापांचशें वर्षेंहि झालेलीं नाहींत. तिचें नांव मात्र दोन हजार वर्षांहून जुनें आहे. नवी वस्तु आणि जुनें नांव यांची ही गांठ कशी पडली, आणि जुन्या कागदांचा व पोथ्यांचा संग्रह करणारांस त्यापासून काय घेतां येईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. मरिच शब्दाचें मूळ क्षेत्र

संस्कृतांत मरिच किंवा मरीच म्हणजे काळें मिरें. अमरकोशाच्या वैश्यवर्गांत त्यास वेल्लज, कोलक, कृष्ण, ऊषण, धर्मपत्तन असे पर्याय दिले आहेत. यांतील प्रत्येक शब्द कांहीं सांगतो. वेल्लज म्हणजे वेलीवर होणारें. कृष्ण हा रंग. ऊषण हा दाह. धर्मपत्तन हें तर उघड उघड बंदराचें किंवा पेठेचें नांव आहे. माल जेथून येई त्या गांवाचेंच नांव मालास पडलें, असा हा प्रकार. मिऱ्यास यवनप्रिय असेंहि एक नांव आहे; तें त्याच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवितें. म्हणजे एकाच वस्तूस तिची वेल, तिचा वर्ण, तिचा गुण, तिचें बंदर आणि तिचा ग्राहक, या सर्वांवरून नांवें मिळालीं. वनस्पतिनामांच्या अभ्यासकानें हें आरंभींच ध्यानांत ठेवावें, कारण पुढें मिरचीच्या बाबतींत हाच क्रम पुन्हां दिसणार आहे.

कोशकार मरिच शब्दाचा संबंध 'मृ' धातूशीं लावितात. ही व्युत्पत्ति व्याकरणाच्या सोयीची आहे. तिच्यांत इतिहास नाहीं. दक्षिणेंत तमिळ मिळगु, तेलुगु मिरियालु असे जवळचे शब्द आहेत आणि मिऱ्याची वेल मूळची मलबारच्या दमट डोंगरांतली आहे. तेव्हां वस्तूबरोबर नांवहि दक्षिणेकडून वर आलें असावें, असें मानण्याकडे कल होतो. उत्तरेंतील आर्यांस आधीं ठाऊक असलेली तिखट वस्तु पिप्पली होय. ती अथर्ववेदांत आहे. मरिच मागाहून आलें आणि सुंठ व पिंपळी यांच्या जोडीस त्रिकटूंत बसलें.

येथेंच आणखी एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. त्याच अमरकोशांत शेवग्याच्या बियांस श्वेतमरिच म्हटलें आहे. शेवगा आणि मिऱ्याची वेल यांचें कुळ एक नाहीं, रूप एक नाहीं. एक तिखटपणा तेवढा समान. म्हणजे तिखट पदार्थास मरिचाचें नांव देऊन मागें एक विशेषण लावण्याची रीत आपल्या भाषांत पोर्तुगीज येण्यापूर्वीं शतकानुशतकें रुळलेली होती. रक्तमरिच हा शब्द ज्या दिवशीं घडला त्या दिवशीं त्याचा साचा तयारच होता.

२. पिप्पलीची परदेशगमनें

नांव वस्तूच्या जन्मस्थानाची साक्ष देतें असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक नांव बहुधा वाटेची साक्ष देतें. याचें उत्तम उदाहरण पिप्पलीचें आहे. हा शब्द इराणांत पिलपिल झाला, अरबींत फिलफिल झाला, ग्रीकांत पेपेरि व लॅटिनांत पिपेर झाला. इंग्रजी पेपर त्याच घरचा. आर्मेनियन भाषेंत तो पघपेघ या रूपानें गेला. परंतु या बहुतेक भाषांत तो शब्द पिंपळीस न राहतां काळ्या मिऱ्यास चिकटला. माल बदलला, नांव राहिलें. हिंदुस्थानाबाहेर पिप्पलीचें जें झालें तेंच हिंदुस्थानांत पुढें मरिचाचें झालें.

आर्मेनियन लोकांचें नांव निघालेंच आहे तर त्यांच्या देशावरून नांव पडलेल्या एका फळाची गोष्टहि येथें उपयोगाची आहे. जर्दाळूस रोमन लोक आर्मेनियाचें फळ म्हणत, आणि त्यावरून लिनियसच्या शास्त्रीय नामावलींतहि तें झाड 'आर्मेनियाका' झालें. तथापि त्याची लागवड चीन व मध्य आशिया या बाजूस फार जुनी आहे. आर्मेनिया हा रोमला जाणाऱ्या वाटेवरचा मुक्काम. आपण त्याच फळास फारसी 'जर्द आलू', म्हणजे पिवळा आलुबुखार, या नांवानें ओळखतों, कारण आपल्याकडे तें इराणी व काबुली व्यापाऱ्यांच्या हातून आलें. फळ एक, वाटा दोन, म्हणून नांवें दोन. याच आर्मेनियन व्यापाऱ्यांची सुरतेस वस्ती होती, त्यांची दफनभूमि तेथें आहे. त्यांच्या भाषेंत मिऱ्यास जुनें हिंदी-इराणी घराण्याचें पघपेघ राहिलें, आणि मिरचीकरितां 'ताक्देघ', म्हणजे उष्ण किंवा दाहक औषधि, असा स्वतःचा समासहि त्यांनीं केला. मराठीनें काय केलें तें आतां पाहूं.

३. मिरचीपूर्वींचें नंदुरबार

मिरची येण्यापूर्वीं या प्रांताचें अन्न कसें होतें याविषयीं एक परका साक्षीदार उपलब्ध आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इ. स. १३४२ मध्यें दिल्लीहून चीनकडे वकील म्हणून निघाला आणि दौलताबादेहून खंबायतेस जातांना नंदुरबारास उतरला. हें लहान गांव असून येथें मराठे राहतात, ते कारागिरींत कुशल आहेत, त्यांच्यांत वैद्य व ज्योतिषी आहेत, असें तो सांगतो. त्यांचें अन्न म्हणून तो तांदूळ, भाजीपाला आणि तिळाचें तेल यांचा उल्लेख करतो. याच प्रवासवर्णनांत पुढें होनावर व मलबार येथें मिऱ्याचें लोणचें, मिऱ्याची वेल, तिची वाळवण यांविषयीं त्यानें बारकाईनें लिहिलें आहे. म्हणजे तिखटाकडे लक्ष न देणारा हा माणूस नव्हे.

राजांच्या पाकशाळेंत डोकावलें तरी तेंच दिसतें. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (सुमारे इ. स. ११२९) अन्नभोगाचें विस्तृत प्रकरण आहे, तेथें तिखटपणा आणावयाचा तो मरिच आणि आलें यांनीं. साडेचारशें वर्षांनंतर अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत बादशाही मुदपाकखान्यांतील पदार्थांचीं प्रमाणें दिलीं. तींतहि गोल मिरें आहे, लाल मिरची नाहीं. वैद्यकाचा पुरावा याहून बोलका आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत फिरंग रोगाचें वर्णन आहे. फिरंग्यांबरोबर आलेला रोग त्या ग्रंथास ठाऊक आहे. फिरंग्यांबरोबर आलेली मिरची मात्र त्याच्या निघंटूंत नाहीं. रोग वैद्याच्या दारीं आधीं गेला. मिरची परसांत, मग स्वयंपाकघरांत आणि सर्वांच्या शेवटीं निघंटूंत गेली. कटुवीरा व रक्तमरिच हीं तिचीं संस्कृत नांवें अर्वाचीन निघंटुकारांनीं मागाहून योजिलेलीं आहेत.

देवाधर्माच्या स्वयंपाकानें तर हा इतिहास आजवर जपून ठेविला आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादांत मिरची चालत नाहीं, मिरें चालतें. दक्षिणेंत श्राद्धाच्या पानावरहि तोच नेम. कर्मठांनीं नव्या वस्तूस देवघरांत व पितरांच्या पानावर घेतलें नाहीं. कागदांत न सांपडणारा कालनिर्णय कधीं कधीं ताटांत सांपडतो तो असा.

४. वनस्पति कोठून आली

मिरचीची जन्मभूमि अमेरिका. कोलंबस १४९२ सालीं निघाला तो मिऱ्याच्या शोधास. त्यास मिरें मिळालें नाहीं, ही तिखट शेंग मिळाली, आणि त्यानें तिला मिऱ्याचेंच नांव दिलें. पुढें वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास पोंचला, १५१० मध्यें गोवें पोर्तुगीजांकडे गेलें, १५३४ मध्यें वसई, १५५९ मध्यें दमण. ब्राझील आणि गोवें हीं एकाच दर्यावर्दी सत्तेचीं ठाणीं झालीं. ही वनस्पति पोर्तुगीजांनीं ब्राझीलमधील पेर्नाम्बुकोहून हिंदुस्थानांत नेली, असें वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस यानें नमूद केलें आहे. मुंबईकडे तिला पूर्वीं गोवाई मिरची म्हणत. धर्मपत्तनाच्या धर्तीचेंच हें बंदरावरून पडलेलें नांव.

या ठिकाणीं एका फसव्या पुराव्याचा निकाल लावणें अवश्य आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स याच्या १५४२ सालच्या प्रसिद्ध ग्रंथांत मिरचीचें चित्र असून तिला कालिकतचें मिरें असें नांव आहे. यावरून मिरची मूळची हिंदुस्थानची असा तर्क कोणी केला तर तो जर्दाळूस आर्मेनियन ठरविण्यासारखा होईल. हीच चूक १७७६ मध्यें जाकँ यानेंहि केली. मिरचीच्या एका अमेरिकन जातीस चीनची समजून त्यानें तिचें नांव 'चिनेन्से' ठेविलें व तें आजहि चालू आहे. पुरंदरदासांच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या मिरचीविषयक कानडी पदासहि हाच विवेक लावावा. मुखपरंपरेनें आलेलें पद कवीच्या काळाचा पुरावा होण्यापूर्वीं त्यास जुन्या पोथीचा आधार लागतो.

५. नांव कोठून आलें

बटाटा, काजू, अननस, पपई, तंबाखू हीं सर्व त्याच जहाजांवरून उतरलीं आणि आपापलीं परकी नांवें घेऊनच आलीं. मिरचीनें मात्र आपलें नांव बंदरावर टाकिलें. अमेरिकेंतील 'चिली' किंवा 'अही' यांपैकीं एकहि शब्द मराठींत रुजला नाहीं. कारण उघड आहे. बटाट्याच्या जागेवर आपल्याकडे आधीं कोणी बसलेलें नव्हतें. मिरचीच्या जागेवर मिरें बसलेलें होतें. मिरें मलबारहून विकत आणावें लागे. मिरची कोणत्याहि काळ्या रानांत, परसांत, आळ्यांत येई. गरिबानें ती मिऱ्याच्या ऐवजीं घेतली, म्हणून तिला मिऱ्याचें नांव मिळालें.

शेजारच्या भाषांनीं हें नामकरण कसें केलें तें पाहिलें म्हणजे मराठी शब्दाचा उलगडा सोपा होतो. तमिळांत मिळगु म्हणजे मिरें व मिळगाय म्हणजे मिरची, म्हणजे मिऱ्याचें फळ. कानडींत मेणसु व मेणसिनकायि, तेलुगूंत मिरियालु व मिरपकाय, तोच प्रकार. कोंकणींत मिरसांग, म्हणजे मिऱ्यासारखी तिखट शेंग. हा शब्द मालवणाकडेहि चालतो. गुजरातींत मरी म्हणजे मिरें आणि मरचुं म्हणजे मिरची. हिंदींत एकाच मिर्च शब्दास काली व लाल अशीं विशेषणें लागलीं. बंगालींत लंका म्हणतात. समुद्रापलीकडून आली एवढीच आठवण त्यांत राहिली.

मराठींत मिरें आणि मिरची अशी जोडी आहे. दोहोंचें मूळ मरिच हेंच; परंतु ते एका पिढीचे शब्द नव्हेत. मरिचाचें प्राकृत रूप मिरिअ असें हेमचंद्रानें बाराव्या शतकांत आपल्या व्याकरणांत दिलें आहे. स्वप्नादि गणांतील शब्दांत आद्य अकाराचा इकार होतो त्या नियमाखालीं तें येतें. स्वरांमधील च लोपला, सूचीची सुई झाली त्याचप्रमाणें. या मिरिअ पासून मराठी मिरें सरळ उतरलें. हा घरचा वारसा. मिरचींत मात्र च शाबूत आहे. ज्या शब्दांतील च एकदां गेला त्यांत तो आपोआप परत येत नाहीं. म्हणून मिरची ही मिऱ्याची लेक नव्हे; ती बाहेरून आलेली भावकी आहे.

बाहेरून म्हणजे कोठून? तीन पक्ष संभवतात. पहिला, संस्कृत मरिचावरून पंडितांनीं शब्द घेतला. तसें असतें तर आरंभीं 'म' राहिला असता, 'मि' झाला नसता. शिवाय परसांतल्या रोपाचें नांव पंडित ठेवीत नाहींत. दुसरा, गुजरातींतून आला. सुरतेची वाट नवापूर-नंदुरबारावरूनच बऱ्हाणपुरास जाई. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये याच वाटेनें गेला व नवापूरच्या सुवासिक बारीक तांदुळाची त्यानें वाखाणणी केली. तथापि गुजराती मरचुं याचा आरंभ 'म' नें आहे व लिंग नपुंसक. मराठी शब्दाचा आरंभ 'मि' नें आहे व लिंग स्त्रीलिंग. तिसरा पक्ष हिंदुस्थानीचा. तेथें मिरच, मिर्च या रूपांत 'मि' आहे, 'च' आहे आणि लिंगहि स्त्रीलिंगच. तिन्ही खुणा जुळतात त्या येथेंच. बाजाराची, लष्कराची व मोगलाई ठाण्यांची ही भाषा दख्खनेंत सर्वत्र फिरत होती. बऱ्हाणपूर तर तिचें नाकेंच होतें. म्हणून माझें मत असें कीं, मिरचीचें रोप आपल्याकडे समुद्राच्या वाटेनें आलें, परंतु तिचें मराठी नांव जमिनीच्या वाटेनें आलें. गोव्याची मिरसांग घाटावर चढली नाहीं, हेंहि याच मतास पोषक आहे.

मिऱ्या-'ची' शेंग ती मिरची, अशी एक फोड कधीं कधीं ऐकूं येते. ती मनोरंजक आहे, ग्राह्य नाहीं. तोच च हिंदी मिरच व गुजराती मरचुं यांतहि आहे, आणि त्या भाषांत षष्ठीचा प्रत्यय 'चा-ची-चें' नाहीं.

मराठी वाक्प्रचारांतहि हे दोन थर दिसतात. डोक्यावर मिरें वाटणें या प्रयोगांत मिरें आहे, आणि नाकाला मिरच्या झोंबणें यांत मिरची आहे. पहिल्यांत वाटण्याची वस्तु अद्याप मिरें हीच आहे. पाटा तोच राहिला. त्यावरची वस्तु बदलली.

६. संग्राहकांस उपयोग

या सर्व विवेचनाचा उपयोग दप्तरें व बाडें चाळणारांस पुढीलप्रमाणें होण्यासारखा आहे. पहिली गोष्ट, यादवकालीन किंवा बहामनी काळांतील म्हणून पुढें केलेल्या कागदांत मिरची, लाल मिरची किंवा ओली मिरची असा शब्द आढळला तर तो कागद अस्सल मानूं नये. फार तर ती उत्तरकालीन नक्कल समजावी. दुसरी, नक्कल आणि बनावट यांत भेद करावा. वैद्यकाचीं व पाकक्रियेचीं बाडें नकलत असतां नकलकार आपल्या घरची ओळखीची वस्तु नकळत घालतो. एका शब्दावरून सबंध ग्रंथ मागाहून रचलेला ठरवूं नये. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या पोथीशीं पाठ ताडून पाहावा. मिरें हा पाठ एका पोथींत व मिरची दुसरींत असेल तर पहिला पाठ जुना, हें बहुधा खरें ठरेल. तिसरी, हिंदी व दखनी लिखाणांतील नुसत्या मिरच शब्दाचा अर्थ काळावरून ठरवावा. सोळाव्या शतकापूर्वींच्या मजकुरांत तो काळ्या मिऱ्याखेरीज दुसरा असूं शकत नाहीं.

ही तिसरी गोष्ट केवळ पांडित्याची नाहीं. त्रिकटूंतील मरिच म्हणजे मिरें. जुन्या योगांत मिरच असें वाचून कोणी लाल मिरची घातली तर औषधाचें विष व्हावयास वेळ लागणार नाहीं. पोथी छापणाऱ्यानें अशा ठिकाणीं कंसांत 'काळें मिरें' एवढे दोन शब्द घातले तर त्याचें काम चोख झालें.

कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं तंबाखूसारख्या आगंतुक वनस्पतींचा माग संस्कृत व मराठी साधनांतून कसा काढावा याचा कित्ता घालून दिला आहे. मिरचीसाठीं तोच मार्ग आहे. खानदेश, बागलाण व सुरत या टापूंतील सतराव्या-अठराव्या शतकांचीं जकातीचीं यादीपत्रें, देवस्थानांचे नेमणुकीचे ताळेबंद, लग्नाच्या खर्चाच्या याद्या आणि वाण्यांचीं खातीं यांत मिरें व मिरची हीं दोन्ही कलमें शेजारीं शेजारीं येतात कीं एकच येतें, त्यांचीं मापें शेर-तोळ्यांचीं कीं मणांचीं, हें प्रत्येकानें आपल्या संग्रहांत पाहावें आणि कागदाच्या मितीसह या त्रैमासिकाकडे कळवावें. खानदेशाचे तुकडे पडले. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. परंतु जुने कागद या नव्या सीमा जाणत नाहींत. ते नंदुरबारास, सुरतेस, बऱ्हाणपुरास, जेथें कोठें वाण्याच्या माळ्यावर बांधून पडले असतील, तेथून कसर लागण्यापूर्वीं खालीं उतरले पाहिजेत.